लेकरू कुठी गेलं

औषधांच्या दुकानात रेणूनं गुड्डीसाठी तापाचे थेंब मागितले. काउंटरमागच्या माणसानं बाटली काढली, फडक्यानं पुसली, पुढं केली, आणि हात मागे घेता घेता मान जराशी वाकडी करून, सबंध अर्जुनी गावाला आता पाठ झालेल्या सुरात विचारलं, "पर लेकरू कुठी गेलं?" रेणूनं दचकून आपल्या कमरेकडे पाहिलं. गुड्डी तिथंच होती. मंगळसूत्राचे दोन मणी तोंडात धरून ती त्या माणसाकडे मोठ्या गंभीरपणे बघत होती. दुकानात उभे असलेले दोघंतिघं खो खो हसले. एक म्हातारी पदर तोंडाशी नेत म्हणाली, "अवो माय, पाहते बी खरंच!"

रेणू बाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं, धानाची पोती भरलेली एक ट्रॉली उगाच हॉर्न वाजवत गेली, आणि तिचे कान अजून तापलेलेच होते. राग दुकानदाराचा नव्हता. तो बिचारा काल पाहिलेली गोष्ट आज म्हणून दाखवत होता, जत्रेतून आलेली पोरं पिपाणी वाजवतात तशी. राग होता तो स्वतःच्या मानेचा. ती खाली वळलीच कशी? दहा महिन्यांचं, चांगलं अंगानं भरलेलं पोर कमरेवर बसलेलं असताना, त्याच्या लंगोटाची ऊब कुशीला लागत असताना, एका परक्या माणसानं विचारलं म्हणून तिचं काळीज खरोखर खाली गेलं होतं. त्या एका क्षणात कमरेवर काहीच नव्हतं. रिकामी कंबर तिला जाणवली होती. म्हणजे लोक जे म्हणतात ते तिच्याही आत कुठंतरी जाऊन बसलं होतं, पाट टाकून, जेवायला वाढायची वाट पाहत. ही आईपण विसरलेली बाई. पुस्तकात डोकं घालून बसलेली. हिचं लेकरू रामभरोसे.

झालं होतं ते असं. दिवाळीच्या आधी, धान कापणीच्या दिवसांत, रेणू दुपारी ओसरीवर बसून एक कादंबरी संपवत होती. गाजलेली, पुरस्कार मिळालेली, गोंदियाच्या वाचनालयातून आईनं एसटीवाल्याच्या हाती पाठवलेली. हिमांशू जेवायला घरी आला, हातपाय धुतले, आणि नेहमीसारखं विचारलं, "कशी आहे मंग?" हा त्याचा गुण होता. लग्न ठरवायला तो गोंदियाला आला होता तेव्हा बाकीचे सगळे तिला स्वयंपाक येतो का विचारत होते, आणि हा तिच्या कपाटाकडे बघत म्हणाला होता, "मले एवढं वाचनं जमत नाई, पर कोनी सांगितलं तं आयकाले आवडते." त्या एका वाक्यावर रेणूनं हो म्हटलं होतं. घरच्यांना वाटलं ती शेती पाहून हो म्हणाली, धानाचा व्यापार पाहून हो म्हणाली. तिला ऐकणारा माणूस मिळाला होता. आणि त्यानं ऐकलंही, दोन वर्षं, भात कालवता कालवता, मच्छरदाणी लावता लावता, ट्रॅक्टरचं पंक्चर काढायला बसल्या जागी. त्यामुळे त्या दुपारी त्यानं विचारलं आणि रेणू सुटली. दोन वर्षांत अंगवळणी पडलेल्या सासरच्या बोलीत सुटली, कारण राग यायला लागला की तिच्या तोंडून आता तीच निघायची, गोंदियाची हिंदी नाही आणि कॉलेजची मराठीही नाही.

"बाई चाळीसाव्या पानावर घर सोडते," ती म्हणाली होती, पुस्तक हातात नाचवत. "काखेत लेकरू घेऊन सोडते. बरोबर आहे, सोड बाई, मारझोडीचं घर सोडावच. मंग शहरात जाते. नोकरी करते. खिडकीत उभी राहून समुद्र पाहून राहिली, लय दुःखी आहे. हव, दुःखी राह्य, माहं काई म्हननं नाई. मंग तिले एक चित्रकार भेटते. पर लेकरू कुठी गेलं? दीडशे पानं झाले! त्यानं दूध पेलं नाई, हगलं नाई, मुतलं नाई, एक डाव रडलं बी नाई! कोनापाशी ठेवलं? लेखकापाशी? लेखक सांभाळून राहिला काय?"

आणि हे सगळं ती बोलत असताना तिच्या पाठीमागून गुड्डी रांगत निघाली होती. सतरंजीवरून उतरली, खांबाला एक थाप मारली, सुपातलं काहीतरी चाखून पाहिलं, आणि आईचं "लेकरू कुठी गेलं" चालू असताना तुरुतुरु दाराकडे गेली. उंबरठ्यावर हात टेकून तिनं मागं वळून पाहिलं, दोन दात दाखवत हसली. तिथं चित्र थांबतं. ढोलकीची एक थाप पडते. संपलं.

हिमांशूच्या फोनमध्ये हे सगळं टिपलं गेलं होतं. त्यानं ते नेटवर टाकलं आणि आठ दिवसांत ते सडक अर्जुनीच्या ढाब्यांपासून चिचगडच्या किराणा दुकानापर्यंत सगळीकडे वाजत सुटलं. याआधीही त्यानं पुष्कळ टाकलं होतं, बैल शिंकतो ते, बाप घोरतो ते, सख्ख्या मावशीनंही ते पुरतं पाहिलं नव्हतं. आता नागपूरची माणसं विचारत होती, पुढचा भाग कधी?

घरात सगळ्यांनी ते एकत्र बसून पाहिलं तेव्हा रेणूही हसली होती. खोटं कशाला बोला. हसण्यासारखंच होतं. तिला विनोद कळत होता, विनोदावर तिनं विचार केला होता, आणि चांगल्या विनोदाला, तो स्वतःवर असला तरी, ती दाद देत असे. वाचकांच्या एका ऑनलाइन गटात ती मागची तीन वर्षं लिहायची, अलीकडे गुड्डी झोपली की, कुकरच्या शिट्टीपासून शिट्टीपर्यंत, न्हाणीघरात दार लावून. कादंबऱ्यांवर लिहायची, आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांवरही, कारण माहेरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर ती खेळही खेळायची आणि त्यात तिला लाज वाटत नव्हती. तिची मतं कडक असत. शेतीचे जे खेळ निघाले आहेत त्यांच्यावर तिनं लिहिलं होतं, की यात पीक येतं पण कंबर दुखत नाही, हे शेत शहरातल्या माणसाच्या झोपेत असतं. बाहेर चिखलात रोवणी चाललेली असताना मी आत बसून बटण दाबून रोवणी केली, आणि दोन्हींकडे पावसाची वाट पाहिली. बाप आणि मूल रानावनातून चाललेत अशा खेळांवर तर ती तुटून पडली होती. किती गहिरी कथा, किती हळवा बाप, लोक रडतात. पण आई पहिल्या पाच मिनिटांतच मेलेली असते. तिला मारल्याशिवाय बापाला पोराकडे बघायला सवडच होत नाही. मेलेली आई ही कथाकाराची सर्वांत स्वस्त सोय आहे, असं तिनं लिहिलं होतं, आणि गटातल्या दोघांनी वाद घातला होता, एकीनं रात्रभर जागून तिला लांबलचक उत्तर दिलं होतं. काय दिवस होते. माणसं तिच्याशी भांडत होती. भांडणं म्हणजे समोरच्यानं आपलं म्हणणं मोजलं, तोललं, मग नाकारलं. तो मान होता.

आता त्याच गटात कुणीतरी ती चित्रफीत टाकली होती. खाली एकानं लिहिलं होतं, "आपल्या रेणूताई! परीक्षण लाइव्ह!" आणि हसणाऱ्या तोंडांची रांग. पुढं तिनं एका नव्या नाटकावर चार ओळी लिहिल्या, त्याखाली पहिलंच उत्तर आलं, "ताई, लेकरू कुठे गेलं?" झालं. ती मग काही लिहीना. गंमत अशी की तिचं म्हणणं तेच होतं. शब्दही तेच. कॉलेजच्या मराठीत लिहिलं असतं तर परीक्षण ठरलं असतं, घरच्या बोलीत म्हटलं म्हणून नक्कल ठरली. दीडशे पानांत लेखकानं एक जिवंत पोर हरवलं, त्याला पुरस्कार मिळाला. तिनं ते शोधलं, तिला गावभर हसले.

आणि सासूनं, शामकलाबाईंनी, हसून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी रेणूच्या आईला गोंदियाला फोन लावला होता. रेणू भांडी विसळत ऐकत होती. "नाई, पोरगी चांगली आहे, कामाची आहे. पर पुस्तक हाती आलं का तिले दुनियादारी दिसत नाई जी. लेकरू दारापर्यंत गेलं तरी पत्ता नाई. तुमी जरा सांगून पाहा." आईनं सांगितलं. रडत सांगितलं. त्या दिवसापासून वाचनालयाची पुस्तकं आली नव्हती.

रेणू घरी पोचली तेव्हा ओसरीवर चहा चालला होता. बिसराम आला होता. गावच्या मंडई मंडळाचा तो सर्वेसर्वा, दिवसा दंडारीच्या लोकनाट्यात लुगडं नेसून नाचणारा आणि एरवी मिशांना पीळ देणारा, उंच, पातळ, गोड गळ्याचा माणूस. परवा मंडई होती, दिवाळीनंतरची गावजत्रा. चारी बाजूंची माणसं येणार, पाळणे, जिलेब्या, दिवसा दंडार आणि संध्याकाळी नाटक. हिमांशू खाटेच्या कडेवर बसला होता आणि त्याचा चेहरा उजळलेला होता. शामकलाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"या वहिनी, या!" बिसराम म्हणाला. "आमच्या गावची हिरोईन. लेकरू आहे ना संग? हव, आहे, आहे."

शामकलाबाई हसल्या. रेणू हसली नाही.

"तुमचाच विषय निघून राहिला होता," तो म्हणाला. "नाटकाच्या आदी पब्लिक गोळा कराले एक आयटम पाहिजे. आता तुमचाच आयटम चालून राहिला दुनियेत, तं बाहेरून कायले आनायचा? हिमांशूभाऊले फोन केल्ता, भाऊ म्हनले चालते."

रेणूनं हिमांशूकडे पाहिलं. तो चहाच्या कपात पाहत होता.

"मी स्टेजवर येणार नाही बिसरामभाऊ," रेणू म्हणाली.

"तुमी कायले येता!" बिसरामनं दोन्ही हात झटकले, जणू तिनं उगीच भलती काळजी केली. "सुनेले स्टेजवर उभी करन्याइतके आमी बिनडोक नाई. तुमचा रोल मी करतो. लुगडं नेसतो, पुस्तक धरतो, डायलॉग मले पाठ आहे." आणि त्यानं बसल्या बसल्याच मान वाकडी केली, एक भुवई वर चढवली, अदृश्य पुस्तक नाचवलं. "लेखक सांभाळून राहिला काय! ... जमते ना? फक्त लेकरू खरं पाहिजे वहिनी. त्याले पर्याय नाई. कापडाची बाहुली धरली तं पब्लिक सिट्या मारते. तेवढं लेकरू पाच मिनिटं द्या."

नक्कल चांगली होती. रेणूला ते लगेच दिसलं, आणि त्यानंच तिचं टाळकं जास्त फिरलं. तिची भुवई खरंच तशी वर जात असे. तिचा राग, तिची दीडशे पानं, तिनं उंबरठ्याआड बसून कमावलेलं एक मत, हे सगळं आता एका मिशीवाल्या माणसाच्या अंगात शिरून तिच्याशिवाय चालू लागलं होतं. तिची गरजच उरली नव्हती. पोर तेवढं हवं होतं. आणि स्टेज म्हणजे काय, तर चार ट्रॉल्या लावून वर फळ्या टाकलेल्या, छातीइतक्या उंच, कडेला ना कठडा ना दोरी.

"आन् ती रांगत कडेपर्यंत गेली तं?" तिनं विचारलं.

"मी राहतो ना खाली उभा," हिमांशू पहिल्यांदा बोलला. "मी काय झोपून राहतो काय?"

गुड्डीला थेंब पाजायचे होते. रेणू आतल्या खोलीत गेली, गुड्डीचं नाक दाबून थेंब घातले, गुड्डीनं अर्धे तिच्याच हातावर थुंकले, दात येणाऱ्या हिरड्यांनी तिचं बोट चावलं आणि हसली. दोन दातांचे तीन होत होते. रेणूनं तिला पाळण्यात ठेवलं. पाळण्याच्या दांडीला तिनं जुनी सुती ओढणी गुंडाळलेली होती, चांगले तीन वेढे, दिवाळीच्या आधी गुड्डीच्या कपाळाला टेंगूळ आलं तेव्हापासून. हिमांशू म्हणाला होता, दांडीले लागलं. रेणूनं हळद लावली होती आणि स्वतःला शिव्या दिल्या होत्या, की दांडी लोखंडाची आहे हे तुला दिसलं नाही का.

मग ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि तिनं फोनवर ती चित्रफीत लावली. घरच्यांबरोबर एकदा पाहिली होती तेवढीच. नंतर कुठंही वाजली की ती कान बंद करून घेत असे. आता आवाज बंद करून पाहिली. जी वस्तू आवडली नाही तीच दोनदा पाहावी, हा तिचा नियम होता. आवडलेल्याला एकदा पुरतं. आणि ती कोणा दुसऱ्याची गोष्ट असावी तशी तिनं पाहायला सुरुवात केली. पात्र एक, स्त्री, पुस्तकासह. पात्र दोन, मूल. स्त्रीला मूल दिसत नाही, प्रेक्षकाला दिसतं. हसू येतं ते त्या अंतरातून. बरोबर. जुनंच तंत्र. गावातल्या नाटकात पडद्याआडून चोर येतो आणि शिपाई भलतीकडे बघत राहतो, तेच. फक्त नाटकात ते एक पथ्य पाळतात. माणूस धडपडला की त्याला उठलेला दाखवतात. धूळ झटकून, टोपी नीट करून, प्रेक्षकाला डोळा मारून. तो उठल्याशिवाय कुणी मोकळेपणानं हसत नाही. या फितीत मूल उंबरठ्यावर थांबतं आणि चित्र तोडलेलं आहे. उठणं नाहीच. का तोडलं? ढोलकीच्या थापेसाठी? थाप अर्ध्या सेकंदानंही चालली असती.

तिनं पुन्हा लावली. आणि या वेळी तिनं मुलाकडे पाहिलं नाही, स्वतःकडेही नाही. चौकटीच्या कडेकडे पाहिलं. खेळ खेळून खेळून तिला ती सवय लागली होती. खेळात सगळं बघणाऱ्या एका डोळ्यावर असतं, तो पाठीमागून येतो का, वरून बघतो का, भिंतीला अडतो का. सुरुवातीला रेणू मधोमध होती. खांब उजव्या कडेला. मग गुड्डी निघाली, आणि खांब सरकला. हळूच. मधे आला, मग डावीकडे गेला. रेणू चौकटीतून अर्धी कापली गेली, नुसता हात आणि पुस्तक उरलं. सूप गेलं. दार आलं. उंबरठा जवळ आला, मोठा झाला.

कॅमेरा हलला होता.

एवढे दिवस सगळ्यांनी हे पाहिलं, आणि सगळ्यांना वाटत होतं, तिलाही वाटत होतं, की फोन कुठंतरी टेकवलेला होता. कोनाड्यात, खांबाला, कशाला तरी. एक आंधळी वस्तू उभी होती आणि तिच्यासमोर एक आई आपलं मूल विसरली. पण वस्तू अशी वळत नाही. ही नजर मुलाच्या मागं मागं गेली होती, पावलापावलानं, अंतर राखून, हात न लावता. ओसरीत तीन माणसं होती. एकाला मूल दिसत नव्हतं. एकाला दिसत होतं.

उंबरठ्यापलीकडं तीन पायऱ्या होत्या, दगडी. आणि टेंगूळ त्याच दुपारी आलं होतं.

रेणू उठली आणि तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की पाळण्याच्या दांडीची ओढणी सोडली. वेढे सोडवताना तिचे दात एकमेकांवर घासत होते. बिनगुन्ह्याची दांडी. तिनं गुड्डीला कडेवर घेतलं आणि बाहेर आली.

"मंग, मी सायंकाळी येऊन स्टेजवर लेकराले एक डाव रांगवून पाहतो का?" बिसराम विचारत होता. "सवय होते तिले."

"हिमांशू," रेणू म्हणाली. सासूसमोर ती नवऱ्याचं नाव घेत नसे. शामकलाबाईंचं सूप थांबलं. "फोन कोनाच्या हातात होता?"

"कोनता फोन?"

"ह्या ढोलकीवाल्या व्हिडिओचा. तू धरला होता ना? हातात?"

"मंग काय झालं? मीच तं काढला, सगळ्याइले मालूम आहे."

"मले तं वाटलं तू कोनाड्यात ठेवून जेवाले बसला," शामकलाबाई म्हणाल्या.

"टेकवला नव्हता आत्याबाई. तिच्यामांगं मांगं गेला हा. पाहा, खांब कसा सरकते." रेणूनं फोन सासूच्या डोळ्यांसमोर धरला. "हे पाहा. हे दार. इथी तोडलं. याच्यापुढं काय झालं हिमांशू?"

"काई नाई झालं."

"टेंगूळ कशानं आलं?"

हिमांशू उठून उभा राहिला आणि परत बसला. त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता. "पडली नाई, घसरली," तो म्हणाला. "एकच पायरी. मी लगेच उचललं आन् मांगून आत पाळन्यात नेऊन ठेवलं. तुमी लोक घाबरता मनून नाई सांगितलं."

"लगेच म्हंजे कधी? ती हसली त्याच्या आदी का मंग?"

"आता असं काय विचारते तू! मी पाहूनच होतो ना तिच्याकडं! तुह्यासारखा पुस्तकात नव्हतो. माही नजर पुरी तिच्यावरच होती."

त्याला स्वतःलाही ते वाक्य ऐकू आलं असावं, कारण त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. अंगणात कोंबडी तांदळाच्या कण्या टिपत होती, तिच्या चोचीचा टकटक आवाज तेवढा येत होता.

"हव," रेणू म्हणाली. "पाहून होता."

शामकलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "बिसराम," त्या म्हणाल्या, "चहा पेला ना गा तू? मंग ऊठ."

"मावशी, मले हे मालूम नव्हतं—"

"कोनाले मालूम होतं बापा."

"बिसरामभाऊ," रेणू म्हणाली, "लेकरू भेटनार नाई. माही नक्कल करायची तं करा, तुमी चांगली करता. पर लेकरू भेटनार नाई."

"नाई नाई, आयटमच काढून टाकतो," तो म्हणाला, चप्पल पायात सरकवत, आणि मिशांवरून हात फिरवायचाही विसरून निघून गेला.

शामकलाबाई हिमांशूकडे वळल्या. "मी हिच्या मायले फोन केला. चार लोकांत हिले बोल लावले. तू इथीच बसून होता, भात खाऊन राहिला होता. आन् तुह्या तोंडातून एक शब्द नाई निघाला?" मग त्यांचा आवाज रेणूवर आला, तसाच, धार न उतरवता. "आन् तू बी कमी नाईस. मांगं लेकरू आहे का नाई, पाहाव नाई मायनं?"

"पाहाव," रेणू म्हणाली. "दोघायनं पाहाव."

तिला वाटत होतं एवढं बोलल्यावर राग उतरेल. तो उतरला नाही. तो आत कुठं बसायला जागा शोधत फिरत होता. हिमांशू वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर सोपं होतं, वाईट माणसांवर तिनं पुष्कळ लिहिलं होतं. हा तर तोच माणूस, ज्याला ऐकायला आवडतं. त्या दुपारीही त्यानं ऐकलं असेल का तिचं? का "कशी आहे मंग" विचारतानाच त्याचा अंगठा लाल ठिपक्यावर होता? आणि त्याआधीच्या दुपारी? मच्छरदाणी लावतानाच्या त्या सगळ्या रात्री? दोन वर्षं मागं जाऊन तिला आता प्रत्येक वेळी त्याचे हात तपासावे लागत होते, ते रिकामे होते का म्हणून.

"डिलीट करतो," तो हळूच म्हणाला. "आत्ताच करतो रेणू. पाह्य, तुह्यासमोर करतो."

"करू नको."

"मंग काय करू?"

तिनं गुड्डीला त्याच्या मांडीवर ठेवलं. फोन त्याच्या हातातून काढून कोनाड्यात उपडा ठेवला, त्याचे दोन्ही हात मोकळे राहतील असा. गुड्डीनं त्याच्या शर्टाची गुंडी पकडली.

"तिले तिसरा दात येऊन राहिला," रेणू म्हणाली. "ताप आहे थोडा. थेंब देल्ले आहेत." आणि आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं. कडी लावली नाही, नुसतं ओढलं.

आत उन्हं उतरत आली होती. तिनं स्वतःचा फोन घेतला, गटाचं पान उघडलं. परीक्षण लिहायचं होतं. नाव, कालावधी, कोणी चित्रित केलं. ती नेहमी सुरुवात करायची तशी केली, "प्रस्तुत चित्रफितीत", आणि पुसली. पुन्हा लिहिलं, "या फितीचा विनोद ज्या गृहीतकावर", पुसलं. मग बोट थोडं थांबलं आणि आपोआप चालू लागलं. "तुमी सगळे हासले. मी बी हासली. आता मी सांगून राहिली तिथी पाहा, खांबाकडं." वाचून पाहिलं. राहू दिलं. पुढं लिहीत गेली, पथ्याबद्दल लिहिलं, उठणं न दाखवण्याबद्दल, चौकटीत नसलेल्या पायऱ्यांबद्दल, आणि खाली सगळ्यात शेवटी येणारं नाव तिनं आधीच टाकून ठेवलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. इतके दिवस अडलेलं असं भसाभसा येत होतं, की स्वल्पविराम द्यायला सवड नव्हती.

बाहेर गुड्डी रडायला लागली.

आधी नुसती कुरकुर. मग भोकाड. "अवो अवो अवो," हिमांशूचा आवाज, "काय झालं माह्या बाईले," आणि पावलं, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुळखुळा वाजला. खुळखुळा पडला. शामकलाबाई म्हणाल्या, "आन इकडं," आणि लगेच, का कोण जाणे, "नाई, धर. तूच धर." रडणं दारापाशी आलं. पावलं थांबली. दाराच्या फटीखाली त्याच्या अंगठ्यांची सावली दिसत होती. तो हाक मारेल असं रेणूला वाटलं. त्यानं मारली नाही. सावली तिथंच या पायावरून त्या पायावर होत राहिली, आणि मग तो सुराबिराची पर्वा न करता, जाड्याभरड्या आवाजात, धान मोजताना म्हणतात तसं काहीतरी गुड्डीला म्हणू लागला.

रेणूच्या छातीत कळ आली, ओळखीची, सुईसारखी, आणि दोन्हींकडून दूध सुटलं. ब्लाउजचा पुढचा भाग बघता बघता भिजला, गरम, मग गार. अंगातला प्रत्येक तंतू तिला उठ म्हणत होता. तिनं सोडलेली ओढणी घडी करून छातीशी दाबली, एका हातानं दाबून धरली, आणि दुसऱ्या हातानं पुढचं वाक्य लिहायला घेतलं.